यूकेतल्या बँकांचे रिवॉर्ड आणि ती 'दोन डायरेक्ट डेबिट'ची अट : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

यूकेत येऊन खातं उघडलं, पगार जमा व्हायला लागला, की ऑफिसमधलं कुणीतरी सांगतंच, अरे अमुक बँकेत स्विच कर, म्हणजे खातं तिकडे हलव, बोनस मिळतो, तमुक खात्यावर दर महिन्याला बिलाचे पैसे परत येतात. खरं आहे ते, मिळतात पैसे. पण जवळजवळ प्रत्येक ऑफरच्या खाली एक ओळ असते, किमान दोन ॲक्टिव्ह डायरेक्ट डेबिट हवेत, आणि नवीन आलेल्या लोकांचं घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं. स्लाऊ, रेडिंग, मँचेस्टर, कुठल्याही ग्रुपवर बघा, तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका ठिकाणी घेतले.

डायरेक्ट डेबिट म्हणजे आपल्याकडच्या ईसीएससारखंच ना?

बरंचसं तसंच. भारतात होम लोनच्या ईएमआयसाठी एनएसीएच मँडेट देतो ना, तसं इथे कंपनीला आपल्या खात्यातून पैसे ओढायची परवानगी द्यायची. ६ आकडी सॉर्ट कोड आणि ८ आकडी अकाउंट नंबर दिला की झालं, वेबसाइटवर किंवा फोनवर दोन मिनिटांचं काम, ओटीपी वगैरे येत नाही, त्यामुळे नवीन माणसाला जरा धाकधूक वाटते. रक्कम दर महिन्याला बदलू शकते, मात्र बदलायची असेल तर कंपनीने आधी कळवावं लागतं, साधारण १० वर्किंग डे आधी. मागे बॅक्स नावाची सिस्टीम चालते आणि तिची सायकल तीन वर्किंग डेची, पहिल्या दिवशी कंपनीची फाइल जाते, दुसऱ्या दिवशी प्रोसेस होते, तिसऱ्या दिवशी तुमच्या खात्यातून पैसे जातात. म्हणून आज फॉर्म भरला आणि उद्या ॲपमध्ये दिसलं नाही तर घाबरू नका, थोडे दिवस जाऊ द्या.

माझं सिनेमा-सिरीयलचं सबस्क्रिप्शन आणि जिम दर महिन्याला आपोआप कटतं, ते धरत नाहीत का?

कार्ड नंबर देऊन सुरू केलं असेल तर नाही धरत. पैसे आपोआप जातात एवढं पुरत नाही, कुठल्या रस्त्याने जातात ते बँक बघते. कार्डावरून कटणारं पेमेंट वेगळं, त्याला इथे कंटिन्युअस पेमेंट ऑथॉरिटी म्हणतात आणि ते कार्डाच्या नेटवर्कवरून जातं. जिमचं मात्र दोन्ही प्रकारे असतं, बऱ्याच जिम डायरेक्ट डेबिटच घेतात, तेव्हा तुमचं कसं आहे ते बघून घ्या. ओळखायचं सोपं आहे, बँकेच्या ॲपमध्ये डायरेक्ट डेबिटची वेगळी यादी असते, त्या यादीत नाव असेल तरच तो डायरेक्ट डेबिट, नाहीतर नाही. स्टेटमेंटमध्ये पण बऱ्याच बँका शेजारी डीडी असं लिहितात. बँकेला फोन करायच्या आधी ती यादी उघडा, निम्म्या शंका तिथेच मिटतात.

घरभाडं?

ते बहुतेक स्टँडिंग ऑर्डरने जातं. म्हणजे तुम्हीच तुमच्या बँकेला सांगितलेलं असतं की दर १ तारखेला एवढे पाठव. त्यात समोरचा ओढत नाही, तुम्ही ढकलता. अटीत धरत नाहीत.

दोन डायरेक्ट डेबिट म्हणजे एकाच कंपनीचे दोन चालतात का?

सहसा नाही, आणि या भरवशावर राहूच नका. अटींमध्ये बऱ्याचदा दोन 'वेगवेगळे' असा शब्द असतो, लॉइड्सच्या क्लब खात्यात व्याजासाठी तसंच होतं. नवरा-बायकोचे दोन मोबाइल एकाच कंपनीचे, दोन्ही एकाच खात्यातून जातात, तर ते एक धरतील की दोन हे बँकेवर आहे. मी तर सांगेन दोनवर थांबूच नका, तीन-चार ठेवा. एखादा महिना एखादं बिल आलंच नाही तरी रिवॉर्ड जात नाही. दोनच ठेवून महिनाभर डोळ्यात तेल घालून बसायचं, त्यापेक्षा हे बरं.

'ॲक्टिव्ह' कशाला म्हणायचं, नुसता सेट करून ठेवला तर?

नुसता सेट केलेला, पण ज्यातून अजून एकदाही पैसे गेले नाहीत, त्याला बऱ्याच ठिकाणी ॲक्टिव्ह म्हणत नाहीत. इथे प्रत्येक बँकेचा हिशोब वेगळा, काहींना यादीत चालू असलेले दोन पुरतात, काहींना त्याच कॅलेंडर महिन्यात दोन्हीतून प्रत्यक्ष पैसे गेलेले हवे असतात, आणि काही किमान रक्कम पण घालतात, उदाहरणार्थ नॅटवेस्टच्या रिवॉर्ड खात्याला प्रत्येकी किमान २ पाउंडचे दोन लागतात. त्यामुळे टर्म्स उघडल्या की तीन गोष्टी शोधा, किती हवेत, पैसे प्रत्यक्ष जायला हवेत का, आणि मोजणी कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. बाकीचं पान नंतर वाचलं तरी चालेल.

वर्षभर सगळं नीट चालू होतं, फेब्रुवारीत अचानक रिवॉर्ड आला नाही. असं का?

काउन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा इथल्या काउन्सिलचा कर! हा प्रश्न दर वर्षी मार्चमध्ये येतोच. काउन्सिल टॅक्स वर्षाचा असला तरी नेहमीची पद्धत १० हप्त्यांची आहे, एप्रिल ते जानेवारी. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये काही कटत नाही. लोक खूश होतात की दोन महिने सुट्टी, पण तुमच्या दोन डायरेक्ट डेबिटपैकी एक तोच असेल तर त्या दोन महिन्यांचं रिवॉर्ड पण सुट्टीवर. उपाय सोपा आहे, काउन्सिलला लिहून १२ हप्ते मागायचे, तो हक्क आहे तुमचा, ते देतात. हप्ता पण थोडा हलका होतो. पाण्याच्या बिलाचं पण बघा, ते कुठे वर्षातून एकदा, कुठे सहामाही, कुठे दरमहा असतं, दरमहा करून घेतलं तर उपयोग.

माझी तारीख २८ आहे, तरी तो महिना धरला नाही असं बँक म्हणते.

तारीख शनिवार-रविवार किंवा बँक हॉलिडेला आली असेल. बॅक्स फक्त वर्किंग डेला चालतं, त्यामुळे डेबिट साधारण पुढच्या वर्किंग डेला जातो. आता २०२६ चंच बघा, २८ फेब्रुवारीला शनिवार, म्हणजे २८ तारखेचा डेबिट सोमवारी २ मार्चला गेला. फेब्रुवारीच्या खात्यात शून्य. आणि २८ मार्चला परत शनिवार, तो ३० मार्चला, म्हणजे मार्चमध्ये दोनदा. पैसे तेवढेच गेले, पण कॅलेंडर महिना मोजणाऱ्या बँकेच्या लेखी फेब्रुवारी रिकामा, आणि त्यात काउन्सिल टॅक्सची सुट्टी चालू असेल तर दोन्ही डेबिट गायब. म्हणून महिन्याची शेवटची तारीख घेऊ नका. पगार महिनाअखेरीला होत असेल तर ३ ते १० च्या मध्ये सगळी बिलं लावा, पैसे पण असतात आणि महिना पण हुकत नाही. बहुतेक कंपन्या तारीख बदलून देतात, विचारायला लाजू नका.

मी शेअरिंगमध्ये राहतो, सगळी बिलं घरमालकाच्या नावावर. माझ्याकडे डायरेक्ट डेबिट कुठून येणार?

नवीन आलेल्या मुलामुलींची ही खरी अडचण आहे. पण मार्ग आहेत. सिम-ओन्ली (फोन नाही, नुसतं सिम) मोबाइल प्लॅन डायरेक्ट डेबिटवर घ्या, तो तर लागतोच. क्रेडिट कार्ड असेल तर त्याचं बिल डायरेक्ट डेबिटवर टाका. घरात इंटरनेट कुणाच्या तरी नावावर घ्यायचंच आहे तर तुमच्या नावावर घ्या आणि बाकीच्यांकडून वाटा मागा, मात्र बाकीचे वेळेवर देणारे असतील तरच, नाहीतर रिवॉर्डच्या चार पाउंडांसाठी चाळीसचं बिल अंगावर येईल. दोन डायरेक्ट डेबिट व्हावेत म्हणून गरज नसलेली जिम मेंबरशिप घेऊ नका, प्लीज, वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये अडकलेले लोक बघितलेत मी.

कुणीतरी सांगितलं की चॅरिटीला महिना २ पाउंडचा डायरेक्ट डेबिट लावायचा. चालतो?

बऱ्याच बँकांत चालतो आणि मला स्वतःला हा मार्ग आवडतो. ज्या कामाबद्दल खरंच आस्था आहे तिथे द्या, हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या लोकांची सेवा करणारी संस्था) असो की फूड बँक. तुम्ही इथे टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडचा चौकोन टिक करा, दर १ पाउंडामागे सरकारकडून २५ पेन्स त्या संस्थेला जास्तीचे मिळतात, तुमच्या खिशाला काही लागत नाही. फक्त काही ऑफरना 'घरगुती बिलं'च हवी असतात, तिथे चॅरिटी मोजत नाहीत, ते आधी वाचा.

क्रेडिट कार्डाच्या डायरेक्ट डेबिटचं काय?

संख्येत सहसा धरतात, पण बिलांवरच्या कॅशबॅकमध्ये सहसा नाही. आणि एक खाचखळगा आहे. आपल्या लोकांना बिल आलं की लगेच हाताने भरून टाकायची सवय असते, चांगली सवय आहे, पण पूर्ण बाकी आधीच भरली तर डायरेक्ट डेबिटला ओढायला काही उरत नाही, आणि ज्या बँकेला प्रत्यक्ष पैसे गेलेले हवेत तिथे तो महिना हुकतो. तेव्हा 'फुल बॅलन्स' असा पर्याय निवडून डायरेक्ट डेबिटलाच भरू द्या. 'मिनिमम' निवडू नका, रिवॉर्ड दोन-चार पाउंडचा आणि व्याज त्याच्या कितीतरी पट.

पेपाल किंवा बचतीच्या ॲपचे डायरेक्ट डेबिट चालतात?

पेपालला खातं जोडलं की यादीत नाव दिसू शकतं, पण पैसे कधी जातात कधी नाही, म्हणून दरमहा मोजणाऱ्या बँकेसाठी बेभरवशाचं. बचतीच्या ॲपमध्ये दरमहा ठरलेली रक्कम जाते त्यामुळे ते बरं, शिवाय पैसे तुमचेच. पण स्विचच्या काही ऑफरमध्ये असे डेबिट चालत नाहीत. तिसरा-चौथा म्हणून ठेवा, पहिल्या दोनात नको.

स्विच बोनसमध्ये डायरेक्ट डेबिट कधी लावायचे, आधी की नंतर?

बहुतेक वेळा आधी, जुन्या खात्यात. नेशनवाइडसारख्या ऑफरमध्ये दोन डायरेक्ट डेबिट स्विचबरोबर जुन्या खात्यातून नवीन खात्यात 'आले' पाहिजेत अशी अट राहिली आहे, स्विच झाल्यावर नवीन लावले तर त्यात बसत नाही. काही बँका उलट नवीन लावलेले पण चालवतात, पण ठरावीक दिवसांच्या आत.

स्विच करायचं म्हणजे करंट अकाउंट स्विच सर्व्हिस वापरायची, ही सप्टेंबर २०१३ पासून आहे. नवीन बँकेला सांगायचं, ७ वर्किंग डेमध्ये सगळे डायरेक्ट डेबिट, स्टँडिंग ऑर्डर, शिल्लक, सगळं जातं, जुनं खातं बंद होतं, आणि चुकून कुणी जुन्या खात्यावर पैसे पाठवले तर किमान ३ वर्षं ते नवीन खात्यात वळतात. 'पार्शल स्विच' असा पण पर्याय दिसतो, त्यात जुनं खातं चालू राहतं, त्यावर बोनस मिळत नाही. कार्डावरची सबस्क्रिप्शन्स मात्र स्विचमध्ये जात नाहीत, नवीन कार्ड नंबर स्वतः टाकावा लागतो.

आणि घरासाठी मॉर्गेज घ्यायचा विचार असेल तर आधीचे सहा महिने तरी नवीन खाती उघडू नका. क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आपल्याकडच्या सिबिलसारख्या रिपोर्टवर, बँकेने केलेला सर्च (तपासणी) दिसतो, शे-दोनशे पाउंडांसाठी कर्जाच्या वेळी प्रश्न नकोत.

महिन्याची फी असलेलं खातं परवडतं का?

कागदावर मांडा, लगेच कळतं. सँटँडरचं एज खातं घ्या, फी महिना ३ पाउंड, डायरेक्ट डेबिटने भरलेल्या घरगुती बिलांवर १ टक्का परत, महिन्याला जास्तीत जास्त १० पाउंड, तसंच डेबिट कार्डाने सुपरमार्केट आणि प्रवासाच्या खर्चावर १ टक्का, त्याला पण १० ची मर्यादा. अट महिना ५०० पाउंड जमा आणि दोन डायरेक्ट डेबिट. म्हणजे नुसती फी निघायलाच ३०० पाउंडची बिलं किंवा खरेदी हवी. कुटुंब आहे, काउन्सिल टॅक्स, गॅस-वीज, पाणी, इंटरनेट सगळं तुमच्या खात्यातून जातं, वर महिन्याचा किराणा, तर नक्की परवडतं. एकटं राहणाऱ्याची बिलं भाड्यातच धरलेली असतील तर उगाच फी जाईल.

नॅटवेस्ट रिवॉर्डचं गणित वेगळं आहे, फी २ पाउंड, दोन डायरेक्ट डेबिटचे ४ आणि महिन्यातून एकदा ॲपमध्ये लॉगिन केल्याचा १, हातात ३, वर्षाचे ३६. बिल मोठं असो की छोटं, फरक पडत नाही, त्यामुळे एकट्या माणसाला हे सोपं. मात्र महिना १,२५० पाउंड जमा व्हायला हवेत.

आकडे बँका बदलतात, म्हणून खातं उघडायच्या दिवशी बँकेच्या साइटवर परत बघा.

ते ५०० किंवा १,२५० जमा करायचे म्हणजे पगारच हवा का?

बहुतेक ठिकाणी पगारच पाहिजे असं नसतं, दुसऱ्या बँकेतून आलेले पैसे चालतात. त्याच बँकेतल्या आपल्याच दुसऱ्या खात्यातून फिरवलेले चालत नाहीत. पैसे आत येऊन लगेच बाहेर गेले तरी सहसा चालतं.

जॉइंट खात्यात दोघांना वेगवेगळं रिवॉर्ड मिळतं का?

नाही, खात्याला एक. बोनस पण खात्याला एकच. बिलं जॉइंट खात्यात ठेवायची की एकाच्या, ते आधी दोघांनी बसून ठरवा, कारण एक काउन्सिल टॅक्स दोन खात्यांत वाटता येत नाही.

खात्यात पैसे नसले आणि डेबिट परत गेला तर?

तर रिवॉर्ड विसरा, आधी बिल सांभाळा. कंपनी लेट फी लावू शकते, क्रेडिट कार्ड किंवा मोबाइलचा हप्ता चुकला तर क्रेडिट रिपोर्टवर नोंद जाऊ शकते आणि ती ६ वर्षं राहते. नुसता रिवॉर्डसाठी ठेवलेल्या दुसऱ्या खात्यात हेच होतं, पगार एकीकडे, डेबिट दुसरीकडे, आणि मधली स्टँडिंग ऑर्डर एक दिवस उशिरा. डेबिट सकाळी लवकर निघतात, म्हणून पैसे आदल्या दिवशीच तिथे असू द्या, आणि एका महिन्याच्या बिलांएवढी रक्कम त्या खात्यात कायम पडून राहू द्या.

कंपनीने चुकीची रक्कम कापली तर पैसे बुडाले का?

अजिबात नाही, आणि हे सगळ्यांना माहीत असायला हवं असं मला फार वाटतं. डायरेक्ट डेबिट गॅरंटी म्हणून आहे, चुकीची रक्कम, चुकीची तारीख, न कळवता वाढवलेली रक्कम, काहीही असलं तर तुमची बँक पूर्ण पैसे लगेच परत देते. कंपनीच्या मागे लागत बसायची गरज नाही, थेट बँकेला सांगायचं. पण ही गॅरंटी पेमेंटमधल्या चुकीसाठी आहे, 'सर्व्हिस आवडली नाही' यासाठी नाही, तसे पैसे घेतले तर कंपनी परत मागू शकते.

बोनस आला, आता डायरेक्ट डेबिट रद्द करू का?

रद्द कधीही करता येतो, बँकेच्या ॲपमधूनच. पण डेबिट रद्द केला म्हणजे कॉन्ट्रॅक्ट रद्द झालं नाही, मोबाइल कंपनीला पैसे द्यायचेच आहेत, तेव्हा आधी कंपनीला कळवा. आणि दरमहा रिवॉर्डचं खातं असेल तर डेबिट काढले की रिवॉर्ड थांबतो, फी थांबत नाही.

यावर टॅक्स लागतो?

बिलाच्या टक्केवारीत मिळणारा कॅशबॅक एक प्रकारे सवलत धरतात, त्यावर साधारणपणे लागत नाही. दरमहा ठरावीक रोख रिवॉर्ड असेल तर काही बँका २० टक्के बेसिक टॅक्स आधीच कापून देतात. व्याजाचं वेगळं, बेसिक रेटवाल्यांना (इन्कम टॅक्सच्या खालच्या टप्प्यातले) वर्षाला १,००० पाउंडपर्यंत आणि हायर रेटवाल्यांना (त्याच्या वरच्या टप्प्यातले) ५०० पर्यंत व्याज टॅक्स-फ्री.

एकदा खातं घेतलं की अटी तशाच राहतात?

नाही राहत. सँटँडरचं १२३ खातं आठवत असेल जुन्या लोकांना, २०१२ मध्ये आलं, २०,००० पाउंडपर्यंत ३ टक्के व्याज, वर बिलांवर कॅशबॅक, त्या वेळी ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. जानेवारी २०१६ मध्ये फी २ वरून ५ पाउंड झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्याज निम्म्यावर, दीड टक्का. बदलायच्या आधी बँक कळवते, ईमेल येतो, तो जाहिरात समजून डिलीट करू नका.

अटी पूर्ण करूनही पैसे आले नाहीत, कुणाला सांगायचं?

आधी बँकेकडे लेखी तक्रार, सोबत त्या महिन्याच्या स्टेटमेंटचा पीडीएफ आणि ऑफर घेतली त्या दिवशीच्या टर्म्सचा स्क्रीनशॉट, तो पहिल्या दिवशीच काढून ठेवा, नंतर पान बदलतं. बँकेने ८ आठवड्यांत अंतिम उत्तर द्यायला हवं. नाही दिलं किंवा पटलं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) जा, फुकट आहे, फक्त अंतिम उत्तर आल्यापासून ६ महिन्यांच्या आत.

कायमचं भारतात परत चाललोय, काय करू?

डायरेक्ट डेबिट घाईने काढू नका. आधी काउन्सिलला घर सोडायची तारीख कळवा, गॅस-विजेचं शेवटचं रीडिंग फोटोसकट पाठवा, शेवटचं बिल येऊ द्या. काउन्सिल टॅक्समध्ये जास्तीचे भरलेले असतील किंवा वीज कंपनीकडे उन्हाळ्यात क्रेडिट साठलेलं असेल, तर ते पैसे बहुधा त्याच खात्यात परत येतात, आणि खातं बंद असेल तर मग पुण्यात बसून ईमेल करत राहायचं. यूकेचा मोबाइल नंबर तोपर्यंत चालू ठेवा, बँकेचे कोड त्यावरच येतात. काही बँका यूकेबाहेरच्या पत्त्यावर खातं चालू ठेवत नाहीत, ते निघायच्या आधी विचारा. आणि रिवॉर्डचं फीवालं खातं त्याच बँकेत साध्या, बिनफीच्या खात्यात बदलून घ्या, अकाउंट नंबर सहसा तोच राहतो, नाहीतर बिलं बंद झाल्यावर रिवॉर्ड येणार नाही आणि दर महिन्याला ३ पाउंड जात राहतील.